सहा फुटी दादाचा शोध

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र स्वच्छ आठवतं, आणि आठवलं की मी अजूनही स्वतःवरच चिडतो.

सोलापुरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. बार्शीची एक कॉलेजची मुलगी एसटी स्टँडवरून थेट ठाण्यात आली. तिचा 'दादा' तीन दिवसांपासून गायब होता. 'उद्यापासून मी नसेन, शिक्षण सोडू नकोस,' असा निरोप धाडून त्याने मोबाइल बंद केला होता. तो जिवाचं बरंवाईट करेल, ही तिची भीती.

हवालदाराने मिसिंगचा फॉर्म पुढे ओढला. वर्णन? उंची सहा फूट, पिळदार मिशा, रुंद छाती. सगळं लिहून झाल्यावर मुलगी म्हणाली, "सर, हे त्याचं ऑनलाइन शरीर आहे. खरा दादा मी कधी बघितलाच नाही."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. मुलीने मग समजावून सांगितलं. इंटरनेटवरच्या त्या जगात प्रत्येकाने आपल्याला हवं ते शरीर घ्यायचं, रस्त्यावर फिरायचं, कट्ट्यावर बसून टाइप करत गप्पा मारायच्या. ती कॉलेज सोडायला निघाली होती, तेव्हा या दादाने महिनाभर समजूत घालून तिला थांबवलं होतं. तो सोलापूरचा, एवढंच तिला ठाऊक होतं; अडचणीला असू दे म्हणून त्याने फक्त लेखी निरोपापुरता नंबरही दिला होता.

मला हसू येत होतं, पण प्रश्न जिवाचा होता. सायबर शाखेने नंबरवरून नाव-पत्ता काढून दिला. यंत्रमागावर काम करणारा पन्नाशीचा माणूस, तेलुगू विणकरांच्या पूर्व भागात घर. आम्ही दुपारी गेलो, तो सुट्टीमुळे घरीच होता. घरात शिरलं की बायकांना आत पाठवायचं आणि पुरुषाशी बोलायचं, ही आमची जुनी रीत. माणूस जिवंत होता, पण कशालाच कबूल होईना. सिम त्याच्या नावावर, निरोप पुरुषाचा. लपवतोय असं धरून मी त्याला ठाण्यात आणलं.

"साहेब, मला मोबाइलवर साधा फोटो पाठवाया येत न्हाई हो," तो काकुळतीला आला. मला ते नाटक वाटलं. एव्हाना त्याची बायको आणि आई मागोमाग येऊन बाकावर बसल्या होत्या. घरच्यांसमोर शरमेनं बोलेल, म्हणून मी दोघींना आत घेतलं आणि आवाज चढवला, "बार्शीच्या पोरीला काय निरोप धाडलास?"

बायको उठून उभी राहिली. "त्यांना कशाला तरास देताव साहेब? त्यो दादा मी हाय."

नवऱ्याने तेलुगूत काहीतरी विचारलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पुरुष कशाला झालात, असं मी विचारलं.

"बाई बोलाया लागली की कुणीतरी मधीच गप बस म्हणतंय. तितं माझं बोलणं पुरं होईस्तोवर लोकं थांबत्यात की. जीव द्यायचं मनात बी न्हवतं. सासूबाई लेकीकडनं परत येणार व्हत्या, दुपार मोकळी राहिली नसती, म्हणून तसं लिवलं."

गुन्हा कुठलाच नव्हता. जबाब घेऊन मी प्रकरण बंद केलं. निघताना सासू म्हणाली, "मोबाइल घे तिच्याकडनं." नवऱ्याने तो घेऊन खिशात टाकला. मी पाहिलं आणि हा पोलिसांचा विषय नाही असं ठरवलं.

तिला दोन मिनिटं बाजूला घेऊन, महिला अंमलदारासमोर विचारलं असतं, तर हे टळलं असतं. काय विचारायचं हे मला नोकरीने शिकवलं होतं. कुणासमोर विचारायचं हे मी तिच्या घराचं नुकसान करून शिकलो.

मुलीला मी फक्त दादा सुखरूप असल्याचं कळवलं होतं. महिन्याने तिचा फोन आला. "सर, तो परत आलाच नाही. मी परीक्षेला बसतेय, एवढं तरी त्याला सांगाल?"

मी हो म्हणालो. त्या घरी दोनदा गेलो. दोन्ही वेळा दार सासूने उघडलं, आणि सहज चौकशीला आलो होतो असं सांगून मी परत फिरलो.