गोणीचा टाका

आमच्याकडं पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी करतात. माझ्या लेकीला सातवा लागला आणि शहापूरहून तिच्या सासूचा फोन आला. म्हणाल्या, "व्याही, राग मानू नका. पण पोर इथंच राहू द्या. तिची आई असती तर गोष्ट वेगळी होती. तिथं तुमी एकटे. कोण बघणार तिच्याकडं?"

मी "बघतो" म्हटलं आणि फोन ठेवला. त्या बोलल्या त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. बायकोला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. चूल पेटायची, पण एका माणसापुरती. भात उरला की कोंबड्यांना. मी कुणाशी बोलत नव्हतो आणि बोललो तर भांडण व्हायचं. असल्या घराला माहेर कोण म्हणेल? पण या खेपेला लेक आली नाही तर ती पुढंही पाहुणीसारखीच येईल आणि चहा पिऊन जाईल, एवढं मला कळत होतं.

बायकोनं पेटीत तीन लुगडी वेगळी ठेवली होती. नेसून नेसून मऊ झालेली. नातवंडाच्या गोधडीसाठी, असं मला सांगून ठेवलं होतं. मी ठरवलं, गोधडी शिवायची आणि घेऊनच शहापूरला जायचं. मग बघू कोण नाय म्हणतं ते.

शिवण मला येते असा माझा समज होता. जन्मभर भाताच्या गोणी शिवल्या. दाभण, सुतळी, आणि टाका असा खेचायचा की दाणा सांडता कामा नये. गोधडीला आमच्याकडं चौकट-बिवकट नसते, सारवलेली जमीन असते. मी लुगडी एकावर एक अंथरली, कोपऱ्यांवर दगड ठेवले, भिंतीला टेकून बसलो आणि एक कड मांडीवर ओढून शिवायला लागलो. चांगले घट्ट टाके, गोणीचं तोंड शिवतात तसे. दुपार कलेपर्यंत कापड आक्रसलं आणि कडा पळसाच्या सुक्या पानासारख्या वर वळल्या.

माझी मोठी बहीण शेजारच्या पाड्यात राहते. तिला आम्ही बाय म्हणतो. ती कालवण घेऊन आली ती दारातच थांबली.

"ही काय रे, कोंबड्या झाकायची टोपली?"

"गोधडी हाय. बाळाची."

"बाळ यात निजायचं नाय, घरंगळंल."

मग तिनं कापड हातात घेतलं आणि काठावरून ओळखलं. हसू गेलं. "तिची लुगडी? मेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवू नये, देऊन टाकावं. आणि तू बाळाच्या अंगाखाली घालतोस?"

"ती मेली. लुगडं नाय मेलं."

"जिभेला हाड नाय तुझ्या."

"तिनंच ठेवलंय बाळासाठी. दुसऱ्या कुणाला देऊ?"

बाय खाली बसली. काठ बोटांनी चोळत राहिली. या नणंद-भावजया उभा जन्म एकमेकींना टोमणे मारत एकाच बांधावर लावणीला गेल्या. मग म्हणाली, "कात्री आण. हे सगळं उसवायचं."

उसवता उसवता तिनं मला शिकवलं. आधी आडवे लांब कच्चे टाके, म्हणजे थर सरकत नाहीत. मग कडेनं धावदोरा. "आणि खेचू नको रे, यात भात नाय भरायचा!" मी पुन्हा भिंतीशी जाऊन बसलो तर ओरडली, "तिथं काय बसतोस? वर बस, गोधडीवर! आपल्या वजनानं धरायची, म्हणजे कापड हलत नाय."

बायको गोधडी शिवताना कायम मधोमध बसायची. मला वाटायचं, जमिनीचा गारठा लागू नये म्हणून बसते.

मी वर बसलो. लुगड्यांना अजून चुलीच्या धुराचा वास होता. दोन ओळी घातल्या आणि उठून अंगणात गेलो. परत आलो तेव्हा बायनं माझी सुई ओवून ठेवली होती.

गोधडी पुरी झाली तशी पिशवीत घातली. टोकावड्याहून एसटीनं मुरबाड, तिथून शहापूरची गाडी. विहीणबाईंनी गोधडी आधी उलटी केली. बाया उलटी बाजूच बघतात.

"कुणी शिवली?"

"मी. ही कड बहिणीनं."

"दिसतंय. तुमची ओळ चालता चालता बैल मुतावा तशी गेलीय."

लेक आतल्या दारात उभी होती. ती फसकन हसली. आई गेल्यापासून तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं.

"बाळाला आंघोळ कोण घालणार?" विहीणबाई काही सोडत नव्हत्या.

"बहीण. रोज येते म्हणाली."

"आणि लंगोट?"

"मी धुईन. म्हशीचा गोठा काढतो रोज. बाळ काय म्हशीपेक्षा जास्त करणार?"

"कळा सुरू झाल्या तर?"

"मुरबाडला दवाखान्यात. जीपवाल्याला सांगून ठेवलंय."

त्या लेकीकडं वळल्या. "तुझं काय गो?"

"मला जायचंय."

"मग इतके दिवस तोंडात काय धरलं होतंस?"

"बा फोनवर बोलतच नव्हता. मला वाटलं, त्याला नको असंल."

मी पिशवीची घडी घालत बसलो. लेकीनं जवळ येऊन ती माझ्या हातातून काढून घेतली आणि जेवायला वाढते म्हणाली.

निघताना विहीणबाई म्हणाल्या, "व्याही, एका गोधडीनं काय होतंय? बाळ मुतलं की वाळेपर्यंत दुसरी लागणार. दुसरी शिवा आणि येऊन पोरीला घेऊन जा."

पेटीत आता लुगडं उरलं नव्हतं. घरी येऊन मी दांडीवरचं माझं धोतर ओढलं आणि जमिनीवर अंथरलं.

"अरे, हे तर धड हाय," बाय म्हणाली.

"मग बाळाला फाटकं घालू?"

"आणि तू काय नेसशील?"

"लेंगा," मी म्हटलं आणि कात्री लावली.