आक्कांची पितळी पळी

अनगोळात तारामती आक्कांचा कुंद्याचा, म्हणजे दूध आटवून केलेल्या मिठाईचा कारखाना आहे. कारखाना कसला, घरामागची पत्र्याची शेड आणि दोन कढया. एकीवर जुना भरमू, दुसरीवर नवीन लागलेली पूर्णिमा. आक्का हातात पितळी पळी घेऊन हिंडायच्या. कुंद्याला रंग चढला की पळीभर चाखायच्या आणि म्हणायच्या, "उतरव."

दिवाळीनंतर झालं असं, की ही पळी पूर्णिमाच्याच कढईशी घुटमळायला लागली. भरमूनं हाक मारली तर आक्का लांबूनच म्हणायच्या, "तुझं तू बघ की रं." भरमूच्या पोटातला जाळ चुलीपेक्षा मोठा. सवतीवरसुद्धा बाई एवढी जळत नसेल.

त्यात एका सकाळी आक्का दूधवाल्याला सांगताना त्यानं ऐकलं, "भरमूला सोडलंय मी आता."

झालं. म्हणजे आपली भाकरी पूर्णिमाच्या ताटात गेली.

त्यानं ठरवलं, आज कुंदा तळाला लागू द्यायचा. करपट वास सुटला की येतील आक्का धावत. उलथनं बाजूला ठेवून गडी हात बांधून बसला. पण हात कसला ऐकतोय? दूध धरायला लागलं तसा आपोआप उठला, तळ खरवडू लागला. रंग नेमका आला तशी कढई खालीही उतरली.

स्वतःच्याच हातावर चिडून भरमू आक्कांपुढं उभा राहिला. "आक्का, मला सोडायचं तर तोंडावर सांगा. दूधवाल्याला कशाला?"

आक्कांना हसू आवरेना. "अरं येड्या, वाट पाठ असलेल्या बैलाचा कासरा धरून कोण चालतंय? कासरा सोडलाय, बैल न्हाय."

"आनी पूर्णिमा?"

"तिला अजून कासरा लागतोय. उद्यापासनं तू धर. आनी वेळेवर सोड." त्यांनी पळी त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी पूर्णिमानं विचारलं, "भरमाण्णा, उतरवू?"

'थांब' अगदी ओठावर आलं होतं. भरमूनं ते गिळलं. "तुला काय वाटतंय?"

"अजून जरा परतते."

बरोबर होतं. भरमूला जरा झोंबलंच: हिला एवढ्यात कसं कळलं? मागं बघतो तर दारात आक्का, रिकामे हात पदराला पुसत उभ्या.

"आता मला कुणी इचारायचंच न्हाय व्हय रं?"

भरमूला लई बरं वाटलं.