लाल पंपाचं पाणी

२०१६ साल. मी तवा बासष्ट वर्षांचा होतो. हे आजवर कोणाले सांगतलं नाई — पोराले नाई, देवापुढंही नाई. तुमाले सांगून राह्यलो. काऊन, ते मले विचारू नका.

मी पाणाड्या. शाळा दुसरीपर्यंतच. पण तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरातून चाललो का, जिथं खाली पाणी असन तिथं तो उभा राहते. आंजीपासून पुलगावपर्यंत लोकं मले गाडीवर बसवून न्यायचे. आमच्या वस्तीतला हातपंपही म्याच दाखवलेल्या जागेवर लागला. माझ्याच नावानं वळखत त्याले. आता अशा माणसानं फुगू नये तर काय करावं?

त्या साली पाणी तपासणारे आले, बाटल्या भरून नेल्या, आन् काही दिवसांनी पंपाले लाल रंग मारून गेले. जाता जाता सांगून गेले, याच्यात फ्लोराईड आहे, हाडं धरते, पिऊ नका. पारावर दोस्तानं टोमणा मारला, "काय बुढ्या, तुह्या नारळाले हे नाई दिसलं का?"

मी उठलो. चारचौघांत पंपापाशी नारळ धरला. उभा राह्यला. "सरकारची बाटली खरी, का हे खरं?" म्हटलं, आन् तांब्याभर पाणी प्यालो.

लोकं हसले आन् पलीकडच्या विहिरीवर जाऊ लागले. माझी बायको तेवढी त्याच पंपावर राह्यली. म्हणे, "तुमचा शब्द मी खाली पडू देऊ का?"

आता खरं सांगतो — नारळ पाणी आहे एवढंच सांगते. पाणी कसं आहे, ते त्याले कुठून कळन? माझ्या गुरूनं हे मले पहिल्यांदा नारळ हातात देतानाच सांगतलं होतं. त्या दिवशी पंपावर मी हे विसरलो होतो का? नाई. चांगलं ध्यानात होतं.

आन् याच्याहून वंगाळ — मी स्वतः ते पाणी पुन्हा प्यालो नाई. वावरात शेजाऱ्याच्या विहिरीवर पोटभर प्यायचो. घरी तिनं तांब्या दिला का, ती चुलीकडं वळली का, मोरीत ओतायचो. मले बाटलीवर भरवसा होता. तिले माझ्यावर होता.

तिचे गुडघे धरले. मग पाठ. मग मान — मागं पाहाचं तर अख्खं अंग वळवा लागे. मागच्या साली वर्ध्याले डॉक्टरकडं नेलं. त्यानं विचारलं, बाई, पाणी कुठचं पिता?

ती म्हणे, "आमचा माणूस पाणी पाहते, डाक्टरसाहेब. आमच्या पाण्यात खोट नाई."

डॉक्टरनं माझ्याकडं पाह्यलं. मी भिंतीकडं पाहत राह्यलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यानं पाणी भराचा पितळी गुंड उचलला गेला नाई. पारावर लोकं बसले होते. म्या गुंड घेतला, सगळ्यांच्या देखत लाल पंपावर जाऊन भरला, आन् तिच्या खाटेपाशी नेऊन ठेवला.