खिरीच्या पंगतीतून उठवलेली पोट्टी

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. गेल्या सालच्या बुद्धपौर्णिमेला, भर दुपारी, विहाराच्या अंगणात. वाढणारा खीर घेऊन वाकला आणि आमच्या आत्यानं तिच्यापुढची वाटीच उचलली.

"तिले नोको. गोड खाल्लं का जंत होतात तिले."

पंगत हसली. बहीण उठून गेली.

घरातही हेच. गूळ बंद, साखर बंद, वर 'घाणेरडी' हा शिक्का. अरे, आम्ही दोघी एकाच हंड्यातलं पाणी पितो, एकाच वावरात अनवाणी फिरतो. नखं तर माझीच जास्त काळी! मला कधी जंत झाले नाहीत. तिला गोळी दिली की काही महिन्यांत पुन्हा हजर. मग घाणेरडी ती कशी?

मी स्वच्छतेची पत्रकं गावोगाव वाटणारी. गप्प बसते काय? बहीण आणि आत्या, दोघींना एसटीत घातलं आणि मंगरूळपीरचा सरकारी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोडानं जंत होत नाहीत. त्यांची अंडी मातीतून, न धुतलेल्या हातांतून पोटात जातात; काही जंत तर अनवाणी पायांतूनही शिरतात. पण एकाच मातीत खेळलेल्या दोघींपैकी एकीचं शरीर त्यांना हुसकावतं, दुसरीचं तितकं नाही. हा फरक काही अंशी जन्मानंच येतो, रक्ताच्या नात्यात दिसतो. घरात आणखी कोणाला व्हायचे?"

आत्या पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मले व्हायचे. मायनं गूळ कुलपात ठेवला होता माह्यापासून."

"मग गेले का जंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कायचे जातात! गूळ गेला फक्त."

बहीण फिस्सकन हसली. आत्याही. मी नाही हसले. आत्याचं अख्खं लहानपण बिनगुळाचं गेलं होतं, आणि तीच शिक्षा ती भाचीला देत होती.

यंदाची बुद्धपौर्णिमा. बहिणीनं वेळेवर गोळी घेतलेली, पायात चप्पल, हात साबणानं धुतलेले. खिरीचा डाव आत्याच्या हातात. शेजारीण ओरडलीच, "अवं, तिले कायले वाढतं? जंत होतीन!"

"जंत मातीतून येतात, खिरीतून नाही. तू सरक तिकडं," आत्या गरजली आणि वाटी काठोकाठ भरली.

"आत्या, अजून," बहीण म्हणाली. भर पंगतीत, मोठ्यानं. जिंकलो आम्ही!

तुमच्या घरात अशी पोर आहे? तिला दवाखान्यात न्या, गोळी द्या, चप्पल घ्या. आणि जिला घाणेरडी म्हणालात, तिच्या वाटीत आज स्वतःच्या हातानं गोड वाढा. चारचौघांत.