ब्लड बँकेचं सॉफ्टवेअर आणि आमचे शिंदेसर

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडे किस्से कमी. ते लोकांच्या मशीनवर बसवणाऱ्यांकडे पोत्यानं! मी बसवणारा. आमची छोटी कंपनी बंगळुरातल्या ब्लड बँकांना सॉफ्टवेअर देते.

*

पूर्वी प्रत्येक कॉम्प्युटरवर जाऊन ते इन्स्टॉल करावं लागे. बनशंकरीत एकदा तासभर खपून नवं व्हर्जन टाकलं. डॉक्टरांना दाखवायला गेलो, तर गायब! अँटिव्हायरसनं ते व्हायरस समजून पुसून टाकलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्यापेक्षा तो जास्त जागा आहे."

*

जयनगरला तीन कॉम्प्युटर, तीन व्हर्जन. रक्ताच्या एकाच पिशवीची मुदत एक म्हणे काल संपली, दुसरा म्हणे आज, तिसरा म्हणे उद्या! टेक्निशियन पिशवी हातात धरून माझ्याकडे बघत उभा.

"फेकून द्या," मी म्हटलं. ती पिशवी कुणाला दिली गेली असती तर? 

*

मग शिंदेसरांनी सगळं वेबवर आणलं. सर म्हणजे आमचे मालक, बंगळुरातल्या पिढीजात मराठी घरातले, बोलण्यात कानडी पेरणारे. "सरी, ठीक! आता नुसता ब्राउझर उघडायचा. बदल एकदाच, सगळीकडे!"

व्हाइटफील्डच्या ब्लड बँकेतल्या सुमाअक्का मूळच्या निपाणीच्या. त्यांनी सरांना विचारलं, "आणि बिघडलं तर, अण्णा?"

"तेही एकदाच!"

आम्ही हसलो. अक्का हसल्या नाहीत.

*

सर्व्हर आमच्याच ऑफिसात. आयुधपूजेला आम्ही दरवर्षी सगळी मशीनं बंद करून पुसतो, हळदकुंकू लावतो. त्या वर्षीही मी सवयीनं एकेक बंद करत गेलो. सर्व्हरसुद्धा!

आरती सुरू झाली आणि सरांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला. सुमाअक्का होत्या.

"अण्णा, बाळंतीण टेबलावर आहे. रक्त थांबंना झालंय. तिच्यासाठी जुळवलेली पिशवी कुठली, स्क्रीनवर काहीच दिसंना! परत जुळवायला पाऊण तास जाईल!"

मी धावत जाऊन बटण दाबलं. सर्व्हर सुरू व्हायला सहा मिनिटं घेतो. सर फोन धरून उभे. त्या बाईचं नावही मला माहीत नव्हतं, आणि मी तिच्यासाठी हात जोडून उभा होतो.

"दिसलं!" अक्का ओरडल्या. फोन कट.

दुपारपर्यंत कुणी प्रसादाला हात लावला नाही. तीनला फोन आला. सरांनी कसंबसं विचारलं, "अक्का, ती बाई...?"

"बरी आहे. लेकीला कुशीत घेऊन झोपलीय." अक्कांनी श्वास घेतला. "आवाज कसा झालाय तुमचा, अण्णा! स्वल्प बसा, पाणी प्या. मग राहिलेली आरती पुरी करा. मशीन चालू ठेवून!"