शिंगांवर अडलेला शंकरपट

अकोटात शाकीबचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत चार वर्षांपासून एक कम्प्युटर गेम अर्धवट पडलाय. शंकरपटाचा, म्हणजे आपल्या बैलजोड्यांच्या शर्यतीचा. बनवणारे दोघंच. कोडिंग शाकीबचं, चित्रं नितेशची. सगळा हौसेचा मामला, मिळेल त्या रविवारी.

मग चार वर्षं केलं काय? शाकीबलाच उमगत नाही. झालं असं, की रिचार्जला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी गेम दाखवला. आता वऱ्हाडातल्या माणसासमोर बैल धरायचा आणि तो गप्प बसेल? छे! एक म्हणाला, शिंगं आखूड. दुसरा म्हणाला, वशिंड बसकं. रविवार आला की नितेश बैल पुसून पुन्हा काढायचा. शर्यत संपते कुठे, तेवढं लिहायचं राहूनच गेलं.

आणि उद्या सकाळी नितेश नोकरीसाठी पुण्याला निघणार. गेम आज नाही झाला तर कधीच नाही, हे दोघांनाही पक्कं माहीत. तरी दुपारपर्यंत नितेश भाऊसाहेब शिंगंच घासत बसलेले! शाकीब भडकला. "काहून बे, अजून किती?"

"बाबा येऊन राहिले पाहाले," नितेश म्हणाला. "चार वर्षांआधी चारा नव्हता, तवा परतवाड्याच्या बाजारात आमची जोडी इकली. हे बैल तेच आहेत."

इतक्या रविवारांत हे त्याने एकदाही सांगितलं नव्हतं.

नितेशचे बाबा, किसनराव, आले. चष्मा पुसून त्यांनी पडद्याला नाक लावलं. "शिंगं बराबर आहेत."

शाकीबचा जीव भांड्यात पडला. त्याने खुशीत बटण दाबलं. घुंगरं वाजली, धूळ उडाली, जोडी सुसाट सुटली आणि पडद्याबाहेर निघून गेली. पडद्यावर नुसतं रिकामं रान.

"गेले कुठी?" किसनरावांनी विचारलं.

"काका, गेम तेवढाच झाला."

"मंग वापस आण नं त्याइले."

नितेशने मान खाली घातली. शाकीबने कोडच्या चार ओळी लिहिल्या. बैल परत आले, खुंट्याशी उभे राहिले. शर्यत नाही, हार नाही, जीत नाही. याला गेम म्हणायचं का? झाला की बिघडला? शाकीबचं डोकंच चालेना. तरी सवयीने त्याचं बोट पुन्हा बटणाकडे गेलं.

किसनरावांनी त्याचा हात धरला. "आता नको पळवू," ते म्हणाले, आणि पडद्यावर बोटाने बैलाची मान खाजवत बसले.