जिना कुणी झाडायचा

"ए, ऊठ तिथून."

मी पायरीवर बसून पाढे लिहीत होते. नवीन पनवेलमधली एक बिल्डिंग, दुसऱ्या मजल्याचं वळण. शाळेला सुट्टी म्हणून आईसोबत आले होते. आई वरून पुसत पुसत खाली गेली होती. मी वाळलेल्या पायरीवर बसले होते, ओल्या नाही, एवढी अक्कल मला होती. दुसऱ्या मजल्यावरची बाई दारात आली. अंगात गाऊन, हातात दुधाची पिशवी. मी उठले. तिने कठड्यावरून वाकून आईला हाक मारली.

"ही पायरी परत पूस गं. तुझी पोरगी बसली होती."

आई वर आली. फडकं पिळलं. पायरी पुसली. आईच्या हातची पुसलेली पायरी चालत होती, आईची पोरगी बसलेली पायरी चालत नव्हती. हे कसलं गणित, कुणी सांगावं! पुसून होईपर्यंत बाई उभी राहिली, मग तिने दार लावलं.

मला राग आला. त्या बाईचा नाही. खोटं कशाला बोलू? आईचा आला. ही गप्प का बसली, असं वाटलं. त्या दिवसापासून मी तिच्यासोबत जाणं बंद केलं. पोट दुखतंय, अभ्यास आहे, काहीही सांगायचे. तिला कळत होतं. 

वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाल होते. मी सातवीत असताना गेले. मग आईने आणखी बिल्डिंगी धरल्या. तिच्या जोडीला सुनंदामावशी. सख्खी मावशी नाही, वस्तीतली. दोघी सकाळी झाडू काखेत मारून निघायच्या, येताना एकाच गाडीवरचा वडापाव अर्धा अर्धा खायच्या. मी आजारी पडले की सुनंदामावशी माझ्या उशाशी बसायची आणि आई दोघींच्या वाटणीच्या बिल्डिंगी एकटी काढायची. या दोन बायकांनी मला वाढवलं. त्यांच्या झाडूवर मी इंजिनियर झाले.

नोकरी लागली. कर्ज काढून खांदा कॉलनीत फ्लॅट घेतला. सात मजली बिल्डिंग, लिफ्ट वगैरे. आईचं काम सोडवलं. पेढे वाटले. बाबासाहेबांची तसबीर आई हॉलमध्ये लावायला निघाली, तर मी म्हटलं, "आतल्या खोलीत लाव." आणि त्याच दिवशी तिला समोर बसवून सांगितलं,

"आई, तू काय काम करायचीस ते इथे कुणाला सांगू नकोस हं. आणि वस्तीतल्यांना सारखं सारखं बोलावू नकोस."

आई म्हणाली, "बरं."

आयुष्यभर बायांना, साहेबांना ती असंच बरं म्हणत आली होती. आता मला म्हणाली. मला वाटलं, चला, आई समजूतदार आहे.

वर्षभरात कंपनीने जर्मनीला पाठवलं. दक्षिणेकडचं शहर, गाड्यांच्या कारखान्यांचं. राहायला एक जुनं चार मजली घर, बरीच बिऱ्हाडं. माझ्या समोरच्या दारात आमच्याच ऑफिसातला केदार राहायचा. पुण्याचा. पहिल्याच भेटीत त्याने आडनाव विचारलं. मग, "पनवेलमध्ये नक्की कुठे?" मग, "मूळ गाव कुठलं?" हे प्रश्न आपल्याकडे कशासाठी विचारतात ते आपल्याला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक होतं.

एका सोमवारी ऑफिसातून आले, तर माझ्या दाराच्या मुठीला एक पाटी लटकत होती. छोटी, लाकडी. वर झाडूचं चित्र.

 कळलं यांना! एवढ्या लांब आले, विमानं बदलून आले, तरी कळलं. केदारनेच सांगितलं असणार. बाकी कुणाच्या दाराला काही नाही आणि नेमका माझ्या दाराला झाडू! कोट न काढता किती तरी वेळ बसून राहिले. मग डोकं फिरलं. पाटी उपटली, तळमजल्यावर गेले आणि तिथल्या म्हातारीचं दार बडवलं. ती निवृत्त शिक्षिका होती, घराची सगळी व्यवस्था तीच बघायची. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी तिला विचारलं, "मीच का?"

ती चष्म्यातून बघतच राहिली. तिला प्रश्नच कळेना.

"कारण हा आठवडा तुमचा आहे," ती म्हणाली. "मागचा माझा होता."

त्या भागात पद्धतच आहे तशी. पाटी दारोदार फिरते. ज्याच्या दाराला पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा, बाहेरची पायवाटही झाडायची. मी झाडला जिना. वाईट झाडला. म्हातारीने येऊन कोपऱ्यात बोट फिरवलं आणि दाखवलं, इथे राहिलंय. मला त्याचं काही वाटलं नाही. ती उद्या माझ्यासारखीच झाडणार होती.

तरी मनातून विश्वास बसत नव्हता. म्हणून पाळत ठेवली. पुढच्या शनिवारी तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर गुडघे टेकून पायऱ्या पुसत होते. मोठ्या इस्पितळातला सर्जन माणूस. येणारे-जाणारे त्यांना हॅलो म्हणत होते, ओल्यात पाय पडला तर सॉरी म्हणत होते. मी जिन्यात उभी राहून बघत होते आणि मला इतकं रडू फुटलं की घरात पळाले. माझ्या आईला जिन्यात कधी कुणी सॉरी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

तिथले लोक काही देव नव्हते. ट्राममध्ये माझ्या शेजारची सीट बऱ्याचदा रिकामी राहायची, ती का राहते ते मला समजायचं. पण जिना म्हणजे जिना. तो जात बघून कुणाच्या गळ्यात मारत नव्हते.

पाटी फिरत फिरत केदारच्या दारावर आली. तो माझं दार वाजवून हसत हसत म्हणाला,

"अगं, माझाही आठवडा काढशील का? आमच्या घरात कुणी जिना झाडला नाही गं. तुमच्यात सवय असते ना."

तुमच्यात.

मी काय केलं? मीही हसले. म्हटलं, "हो, करते की." आणि केला! त्याचा पूर्ण आठवडा मी झाडला. म्हातारीने हटकलं, "हा तर त्याचा आठवडा." मी म्हटलं, "तो आजारी आहे." त्याच्यासाठी खोटं बोलले. आठवडा संपल्यावर त्याने मला चॉकलेटचा डबा आणून दिला. दिवाळीला आईला पोस्त मिळायची, कधी फरसाण, कधी उरलेली मिठाई. तशी मला पोस्त मिळाली. आणि मी ती खाल्ली.

आई पायरी परत पुसत होती, कारण नाही म्हटलं असतं तर चूल पेटली नसती. मला कसली भीती होती? पगार माझा, घर माझं, त्याच्या हातात माझं काही म्हणजे काही नव्हतं. आईचा राग करणारी मी, आईपेक्षा कितीतरी लाचार निघाले.

रविवारी आईला फोन लावला. केदारचं काही सांगितलं नाही. पाटीची गोष्ट सांगितली, डॉक्टरांची सांगितली.

"डागदर सोता झाडतो?" आई खो खो हसली. "आणि मंग घरात घेतात त्याला?"

"घेतात गं."

"आंगोळ करून?"

"नाही. तसाच."

आईचं हसणं थांबलं. मग म्हणाली, "सुनंदा आपल्या बिल्डिंगीत कामाला लागलीय."

"अगं, मग चांगलंच झालं की!"

"काय चांगलं? जिन्यात तिनं मला नावानं हाक मारली. सेक्रेटरीची बायको उबी व्हती. तू सांगितलेलंस ना. मी दार लावून घेतलं."

"मग?" मी विचारलं.

"आता ती वर बगत नाय," आई म्हणाली. "आपल्या दारापुढचं झाडते आन जाते. मी आतून ऐकत बसते."

फोन ठेवला. त्या गाऊनवाल्या बाईला मी इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. ती परवडली. तिने निदान स्वतःचं दार लावलं होतं. मी आईच्या हाताने लावून घेतलं, आणि कुणाच्या तोंडावर, तर जी माझ्या उशाशी बसायची तिच्या.  

पाटी परत फिरून केदारकडे आली, तेव्हा तो पुन्हा आला. मी म्हटलं, "आठवडा तुझा आहे." तो म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घेतेस? गंमत केली होती." मी म्हटलं, "मी नव्हती केली," आणि आत गेले. शनिवारी तो झाडताना दिसला. मला आनंद वगैरे काही झाला नाही. हे पहिल्या वेळीच करायला हवं होतं.

दोन वर्षांनी परत आले. आई वाळली होती. फ्लॅटमध्ये दिवसभर टीव्हीसमोर एकटी. मी आल्यावर थोड्याच दिवसांत सोसायटीची सभा झाली. खाली पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. आई माझ्या शेजारी बसली होती. गळतीचं झालं, गाड्यांचं झालं, मग सेक्रेटरी म्हणाले,

"ती सफाईवाली लिफ्ट वापरते. काही मेंबर्सची कंप्लेंट आहे. लेडीज, लहान मुलं असतात लिफ्टमध्ये. तिने जिन्यानेच जावं, असा ठराव घेऊ."

सुनंदामावशी गेटपाशी बादली घेऊन उभी होती. सगळं ऐकत होती. गुडघे गेलेले तिचे.

मी उठले. आईने ओढणी ओढली, मी झटकली. म्हटलं, "तिची एवढी अडचण होत असेल तर आपण आळीपाळीने जिना झाडू. मी जर्मनीत झाडत होते. तिथे डॉक्टरही झाडतात."

जो हशा पिकला म्हणता!

"मॅडम, जर्मनी जर्मनीत ठेवा," सेक्रेटरी म्हणाले. "इथे ज्याचं काम त्यानेच केलेलं बरं. तुम्हाला हौस असेल तर तुमचा मजला झाडा."

"हौस नाही. माझी आई बिल्डिंगी झाडायची. ही बसलीय ती. आणि गेटवर उभी आहे ती माझी मावशी."

हसणं बंद झालं. एका बाईने खुर्ची जरा सरकवली. मग चेअरमन, वयस्कर माणूस, फार प्रेमाने बोलले, "अहो, तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही शिकलात-सवरलात. तुमच्याकडे बघून वाटतसुद्धा नाही."

मोठेपणा देत होते मला. मी म्हटलं, "मी वेगळी नाही. आणि मला वेगळं करू नका."

हात वर झाले. विरोधात माझा एकटीचा. आई मांडीवर हात ठेवून खाली बघत होती. ठराव मंजूर झाला. मी गेटकडे गेले.

"मावशी," म्हटलं.

"आता मावशी? आय तुजी दार लावते, आन तू चारचौगात मावशी म्हणते!"

"दार मी लावायला लावलं. आईचा दोष नाही."

"तिला काय जीब नाय?" तिने बादली उचलली. "आन आळीपाळीनं झाडणार म्हणं तुमी. मंग मी काय खाऊ?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या बाजूने बोलायला उभी राहिले आणि तिच्याच पोटावर पाय द्यायला निघाले होते. साहेब लोकांच्या देशातली रीत आणली, तिची भाकरी कुठून येते ते विसरले. ती जिन्याने वर निघाली. कठड्याला धरून, एकेक पायरी. मी खाली उभी राहिले. थांबवायचं तरी कुठल्या तोंडाने?

घरी आल्यावर आई माझ्याकडे बघेना. मी पाणी दिलं, घेतलं नाही. मग एकदम कडाडली. मी तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

"गप ऱ्हा म्हणालीस, गप ऱ्हायले. आज समद्यांपुढं उबी केलीस. दोनी वेळेला मला इचारलंस?"

नव्हतं विचारलं. लाज वाटली तेव्हा लपवली, कळवळा आला तेव्हा दाखवली. दोन्ही वेळा माझीच मर्जी. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"आई, या ठरावाविरुद्ध सहकार खात्याकडे तक्रार करायची आहे. करू? बिल्डिंगीत कुणी बोलणार नाही आपल्याशी. आधी तू सांग."

आई उठली. स्वयंपाकघरात गेली, परत आली.

"आता तरी कोण बोलतं माज्याशी?" ती म्हणाली. "कर. पण सुनंदाचं नाव नको घालू. तिची रोजी जाईल. माजं घाल. झाडणारी म्हणून घाल."

सुनंदामावशी आमच्याशी बोलेल की नाही, माहीत नाही. नाही बोलली तरी तिचं चुकणार नाही. त्या दारामागे आई जितका वेळ बसली, त्याचीही भरपाई माझ्याकडे नाही. हे मला घेऊनच जगायचं आहे. पण आमची दोघींची जीभ जागेवर आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन आला. मी ठरावाची प्रत मागितली होती, त्यावरून त्यांना तक्रारीची कुणकुण लागली होती. आवाज एकदम मऊ. "मॅडम, घरातली गोष्ट आहे. आपसात मिटवून टाकू या."

मी फोन आईकडे दिला. तिने तो दोन्ही हातांत धरला, नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "नाय मिटवायचं."